नाव अनुसूचीत, घर भेगेत

मी पोटासाठी तक्ते भरते. धरण, रस्ता, खाण, पवनचक्क्या, प्रकल्प कसलाही असो, त्याच्या पर्यावरण परिणाम अहवालात जैवविविधतेचं एक प्रकरण असावं लागतं आणि त्या प्रकरणाच्या शेवटी एक लांबलचक तक्ता. डावीकडे प्राण्याचं मराठी नाव, मग शास्त्रीय नाव, मग तो कुठे दिसला ते, आणि अगदी उजवीकडे दोन अरुंद रकाने. एकात वन्यजीव संरक्षण कायद्याची अनुसूची, दुसऱ्यात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीतला दर्जा. अहवाल कितीही जाडजूड असो, बैठकीत उघडली जातात ती याच रकान्यांची पानं. ‘मॅडम, शेड्यूल वन काही आहे का?’ हा पहिला प्रश्न. शेड्यूल वन म्हणजे अनुसूची १, सगळ्यात कडक संरक्षणाची. नाही म्हटलं की सगळे जरा मागे रेलून बसतात आणि चहा येतो.

वटवाघळांच्या पानावर चहा नेहमीच लवकर यायचा. १९७२च्या कायद्याने फळं खाणाऱ्या वटवाघळांना कावळे आणि उंदीर-घुशींच्या पंगतीला बसवलं होतं. अनुसूची ५, म्हणजे उपद्रवी प्राणी. मारा, पकडा, झाड तोडून हाकलून द्या, कायदा आडवा येणार नाही. किडे खाणाऱ्या वटवाघळांचं तर नावच कुठल्या अनुसूचीत नव्हतं. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या शंभरावर जातींपुढे माझ्यासारखे तक्ते भरणारे लोक वर्षानुवर्षं एक आडवी रेघ मारून पुढे जात होते. रात्रभर शेतावरचे किडे खाणारा प्राणी, आणि सरकारदरबारी त्याची नोंद म्हणजे एक रेघ.

या सगळ्या गोतावळ्याला अपवाद दोघांचाच. ती अनुसूची १ मध्ये होती, वाघ-हत्तींच्या बरोबरीने. एक सलीम अलींचं फळभक्षी वटवाघूळ, दुसरं रॉटनचं सुट्या शेपटीचं वटवाघूळ. दोघांचंही नातं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी. पहिल्याची गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. १९४८ साली अँगस हटन नावाच्या एका मळेवाल्याने आजच्या तमिळनाडूतल्या हाय वेव्हीज डोंगरात एक वटवाघूळ मिळवलं आणि सोसायटीला पाठवलं. साध्या, कुठेही दिसणाऱ्या जातीचं समजून ते संग्रहात ठेवलं गेलं. १९७२ साली किट्टी थाँगलाँग्या या थाई शास्त्रज्ञाने ते पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं की जातच नव्हे, तर प्रजातीच नवी आहे. म्हणजे ज्या वर्षी देशात वन्यजीवांचा कायदा झाला, त्याच वर्षी या प्राण्याला नाव मिळालं. तोवरची चोवीस वर्षं तो भलत्याच नावाच्या चिठ्ठीखाली पडून होता. चिठ्ठी चुकली की प्राणी समोर असूनही दिसत नाही.

माझा संबंध आला तो दुसऱ्याशी. रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे मुंबई इलाख्यातले वनाधिकारी, मुंग्यांचे अभ्यासक, आणि सोसायटीने १९११च्या सुमारास हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या मोठ्या सर्वेक्षणामागचा एक महत्त्वाचा हात. त्या सर्वेक्षणाच्या काळात बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत हे वटवाघूळ मिळालं आणि १९१३ साली लंडनच्या संग्रहालयातल्या ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याला रॉटन यांचं नाव दिलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं जगाला त्याचं एकच ठिकाण माहीत होतं. ही एक गुहा.

तिथे मी गेले ते कुठल्या प्रकल्पासाठी नव्हे, तर परवानगी घेऊन गेलेल्या अभ्यासकांबरोबर, वह्या सांभाळायला. खानापूरकडून हेम्माडग्याच्या बाजूला वळलं की गाव संपून रान सुरू झालं हे कळायला पाटी लागत नाही. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधेच कारवीची रानं, पावसाळ्यात जळवा. भीमगड किल्ला याच रानात, म्हादईचा उगमही याच बाजूचा, आणि डोंगर उतरलं की गोवा. वस्त्यांमध्ये बोली आपलीच, जरा कोकणीकडे झुकलेली. बरोबरचा वनरक्षक कानडी, वाटाड्या मराठी, आणि दोघांचं आपसात काय चाललं होतं ते अर्धंच कळत होतं. वाटेत एका घरी पाणी प्यायला थांबलो. घरातल्या आजींनी आमची यंत्रं, शिरावरचे दिवे, हातातल्या वह्या सगळं नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘वाघळंच बघायला आलाय व्हय एवढ्या लांबनं? आमच्या शाळेच्या छपरातबी हायत की!’

शाळेच्या छपरातली ती नव्हेत, हे त्यांना समजावून सांगायचा आमच्यातल्या एकाने प्रयत्न केला. आजी हसल्या. त्यांच्या हसण्यात तथ्य होतं. ज्यांच्या डोक्यावर रोज वाघळं उडतात, त्यांना त्यातलं एक दिल्लीच्या कायद्यात वाघाशेजारी बसलंय याचं अप्रूप का वाटावं?

गुहेत आम्ही फार आत गेलो नाही. प्रखर दिवे बंद, बोलणं बंद, एका वेळी दोघांनीच पुढे जायचं आणि लवकर मागे यायचं, असा दंडक होता. आधी जाणवतो तो वास, मग पायाखाली लेंड्यांचा भुसभुशीत थर. मंद लाल उजेडात छत बघत राहिलं की आधी नुसता दगड दिसतो. मग एका भेगेत काहीतरी हललं आणि कळलं की तो दगड नाही. अंग गडद तपकिरी, मानेमागे फिकट राखाडी पट्टा, आणि अंगाच्या कडेने, पंख जिथे सुरू होतो तिथे, पांढऱ्या केसांची एक बारीक रेघ. पण लक्षात राहतात ते कान. शरीराच्या मानाने अवाढव्य, कपाळावर एकमेकांना जुळलेले, आणि टोपीच्या झडपेसारखे तोंडाच्याही पुढे आलेले. शेपटी पडद्याच्या बाहेर सुटी, म्हणून ते नाव. चार-पाच जणं एका पोकळीत दाटीवाटीने बसली होती. पलीकडच्या भेगेत आणखी काही, आणि मधलं सगळं छत रिकामं. एवढी मोठी गुहा, आणि त्यांना चालतात त्या काही ठरावीक भेगाच.

संध्याकाळी आम्ही बाहेर थांबलो. या वटवाघळांचे पंख लांब आणि अरुंद, झाडांच्या फांद्यांतून वळणं घेत उडायला निरुपयोगी, पण मोकळ्या आकाशात उंचावरून वेगाने जायला उत्तम. त्यामुळे ती बाहेर पडली की डोळ्यांनी पाठलाग करणं जमत नाही, कानांवर भिस्त ठेवावी लागते. म्हणजे यंत्राच्या कानांवर. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांचा आवाज आपल्या ऐकण्याच्या कितीतरी वरच्या पट्टीत असतो. याचा खूप खालच्या पट्टीत, माणसाच्या कानाच्या मर्यादेच्या आसपास. वनरक्षक म्हणाला, मला यंत्राशिवाय ऐकू आलं. मला काही आलं नाही. तो तरुण होता, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

परत आल्यावर मी माझ्या सवयीने त्याचा तक्ता केला आणि उजवीकडच्या दोन रकान्यांत अडकले.

पहिल्या रकान्यात अनुसूची १. कायद्याचं सगळ्यात मोठं संरक्षण. याला मारलं तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय दंड. दुसऱ्या रकान्यात? १९९६च्या लाल यादीत हे वटवाघूळ ‘अति संकटग्रस्त’ होतं. साहजिक होतं, जगात एकच गुहा. मग २००० सालच्या सुमारास कंबोडियाच्या उत्तरेला प्रेह विहेअर प्रांतात एक सापडलं. पाठोपाठ मेघालयात, नोंगत्राय गावाजवळच्या गुहेत सापडलं, आणि पुढे जयंतिया टेकड्यांतही. बारापेडेपासून मेघालय दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब. मधल्या प्रदेशात ते आहे की नाही, असलं तर किती, कुणी सांगू शकेना. म्हणून २००८च्या यादीत दर्जा बदलला. ‘माहिती अपुरी’, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांत डीडी.

शास्त्र म्हणून हे अगदी प्रामाणिक आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. जे ठाऊक नाही ते नाही म्हणायलाच हवं. पण तक्ता वाचणारे शास्त्रज्ञ नसतात. एका बैठकीत, दुसऱ्याच एका जातीच्या वटवाघळाबद्दल बोलताना, समोरच्या व्यवस्थापकाने तो रकाना बघून सरळ विचारलं, ‘डीडी म्हणजे डेंजर नाही ना? मग पुढे घ्या.’ मी दोन मिनिटं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढे घेतलं. ‘संकटग्रस्त’ लिहिलेल्या ओळीवर लोक थांबतात. ‘माहिती अपुरी’वरून पुढे जातात, कारण त्या ओळीवर थांबायचं तर आधी माहिती गोळा करावी लागणार, म्हणजे वेळ आणि पैसा. आणि माहिती गोळा करायला जावं तर अनुसूची १चा प्राणी पकडायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, तीही केंद्राच्या पूर्वसंमतीने. परवानगी हवीच, नाहीतर हौशे-गवसे जाळी घेऊन गुहेत शिरतील. पण एका यादीत माहिती नाही म्हणून दर्जा नाही, आणि दुसऱ्या यादीत दर्जा आहे म्हणून माहिती गोळा करणं अवघड, अशी या प्राण्याची दोन्हीकडून कोंडी झाली आहे.

त्याहून मोठी गोम मात्र कायद्याच्या पोटात आहे, आणि ती मला एका वकील मित्राने कायद्याचं पुस्तक उघडून दाखवली. ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या. मारणं, विष घालणं, पकडणं, सापळा लावणं, जखमी करणं, हे सगळं तिथे येतं. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटी मोडणं, त्यांना त्रास देणं हेही येतं. सस्तन प्राण्यांच्या घराचा मात्र त्यात उल्लेख नाही. साप आणि पोपट यांच्या घरट्याला कायदा ओळखतो. वटवाघळाच्या भेगेला ओळखत नाही. उद्या एखाद्याने, अभयारण्याबाहेरच्या एखाद्या गुहेत, संध्याकाळी सगळी बाहेर गेल्यावर सिमेंट ओतून भेगा बुजवल्या, तर त्याने नेमकी कुणाची शिकार केली, यावर वकील तासभर भांडतील. तोवर वाघळांचं घर गेलेलं असेल.

ब्रिटनमध्ये हे वेगळं आहे. तिथल्या कायद्याने वटवाघळांच्या बसण्याच्या जागेलाच संरक्षण दिलंय, त्या वेळी आत एकही वटवाघूळ नसलं तरी. त्यामुळे जुन्या घराचं छप्पर बदलायचं तरी आधी तपासणी करून घ्यावी लागते. तिथले घरमालक त्यावर वैतागतात, असं ऐकलंय, आणि मला तो वैताग समजू शकतो. पण माझ्या तक्त्यात एक रकाना वाढवायची मुभा मिळाली तर मी ‘बसण्याची जागा’ हाच वाढवेन. वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू घालते. नुकसान भरून यायला पिढ्या लागतात, उंदरासारखं दोन महिन्यांत होत नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत जागा वाचवणं हेच प्राणी वाचवणं.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. कर्नाटकातच, कोलार जिल्ह्यातल्या हनुमनहळ्ळी गावाजवळ, दोन भुयारांत एक पर्णनासिक वटवाघूळ राहतं. जगात फक्त तिथेच. शेजारी ग्रॅनाइट फोडण्याचं काम चालायचं आणि सुरुंगांनी भुयारं हादरायची. त्या काळी हे वटवाघूळ कायद्याच्या कुठल्याच अनुसूचीत नव्हतं, माझ्या तक्त्यात त्याच्यापुढेही रेघच आली असती. पण अभ्यासक मागे लागले आणि वनखात्याने भुयारांभोवतीची तीस एकर जमीन संरक्षित केली. प्राण्याचं नाव अनुसूचीत नसताना जागेला संरक्षण मिळालं, आणि तेच कामाला आलं.

बारापेडेची गुहाही खऱ्या अर्थाने सुरक्षित झाली ती अनुसूचीमुळे नव्हे, तर डिसेंबर २०११मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं तेव्हा. सुमारे १९० चौरस किलोमीटर रान त्यात आलं आणि गुहा त्याच्या आत पडली. त्याआधी म्हादईच्या पाण्यावर डोळा ठेवून धरणांचे आराखडे फिरत होते. गोवा आणि कर्नाटक त्या पाण्यासाठी आजही भांडत आहेत. दोन राज्यांच्या भांडणात वटवाघळाला कुणी पक्षकार करत नाही. रानच राखीव झालं, म्हणून ते वाचलं.

पण त्याचीही किंमत आहे, आणि ती कोण मोजतं हे लपवून लिहिणं मला बरं वाटत नाही. अभयारण्याच्या हद्दीत तळेवाडीसारखी वस्ती आली. रस्ता नाही, दवाखाना लांब, पावसाळ्यात वाट बंद, आणि नवं काही बांधायचं तर परवानग्या. अलीकडे तिथल्या कुटुंबांना भरपाई देऊन बाहेर हलवण्याची योजना सुरू झाली. काहींना ते हवंच होतं, मुलांच्या शाळेसाठी. काहींना नको होतं. शंभर वर्षं गाव आणि गुहा शेजारी नांदली आणि वाघळं टिकली, हेही तितकंच खरं. मेघालयात चित्र उलटं आहे. तिथे जमीन बहुतांशी लोकांच्या मालकीची, गुहा चुनखडीतल्या, आणि चुनखडीला सिमेंटच्या कारखान्याचं गिऱ्हाईक. तिथे अनुसूची १ तेवढी आहे, आणि तिचा आवाज खाणीच्या यंत्रापुढे लहान आहे.

२०२२ साली कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२३पासून लागू झाला. सहा अनुसूचींच्या चार झाल्या, उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच गेली, आणि अनुसूची १च्या गुन्ह्याचा किमान दंड दहा हजारांवरून पंचवीस हजार झाला. फळभक्षी वटवाघळांवरचा उपद्रवी हा शिक्का पन्नास वर्षांनी पुसला गेला, ही चांगलीच गोष्ट झाली. एखाद्या भागापुरतं, ठरावीक मुदतीसाठी एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचा अधिकार केंद्राकडे अजून आहे, फक्त अनुसूची १मधले प्राणी त्यातून वगळले आहेत. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत भेग मात्र अजून आलेली नाही.

हे मी महाराष्ट्रातल्या वाचकांना का सांगते आहे? कारण रॉटनचं वटवाघूळ आपल्या हद्दीत नसलं तरी भेगा आपल्याकडे भरपूर आहेत. किल्ले, लेणी, जुने वाडे, बारवा. करोनाच्या साथीत, २०२० साली, देशात ठिकठिकाणी वटवाघळं मारल्याच्या, त्यांची झाडं तोडल्याच्या बातम्या येत होत्या. पुढे २०२१च्या जूनमध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं आणि माझा फोन दोन दिवस थांबला नाही. राज्यात निपाहचा एकही रुग्ण नव्हता, तरी सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘धूर करून हाकलायची कशी?’ हाकलू नका, एवढंच मी सांगत होते. गुहेत शिरू नका, त्यांना हात लावू नका, उष्टी फळं खाऊ नका. बसलेली वसाहत उधळली की बिथरलेले प्राणी चार नव्या ठिकाणी पांगतात, म्हणजे जे टाळायचं तेच घडतं.

आता धुरापेक्षा मला चुन्याची भीती जास्त वाटते. गडकोटांवर हल्ली तळमळीने काम करणाऱ्या संस्था आहेत. ढासळलेले बुरूज, निखळलेले चिरे, उघड्या पडलेल्या दरजा ते चुन्याने भरतात. काम चांगलं आहे, पण काही दरजांच्या आत कुणीतरी राहत असतं. दिवसा बुजवली तर ते आत अडकतं, रात्री बुजवली तर पिल्लू आत राहतं आणि आई बाहेर. यात कुणाचा दुष्टपणा नाही, कुणी बघितलेलं नसतं एवढंच.

तेव्हा दुर्गसंवर्धन करणाऱ्या मित्रांना माझं एक मागणं आहे. दरजा भरायला घेण्याआधी, सूर्य मावळल्यावर, त्या भिंतीसमोर दिवा न लावता एक तास बसा. भेगेखाली ताज्या लेंड्या पडल्यात का बघा. काही बाहेर पडताना दिसलं तर तेवढी भेग सोडा, पिल्लांचा काळ जाऊ द्या, आणि वनखात्याला लेखी कळवा. त्या कळवण्यात भेगेची जागा, तारीख आणि अंदाजे संख्या असू द्या. आमच्यासारख्या तक्ते भरणाऱ्यांना पुढच्या वेळी रेघ न मारता काहीतरी लिहिता येईल.